आपलाच माणूस

"आपलाच माणूस आहे, येऊ द्या," असं म्हणून सर खुर्चीतूनच हात हलवायचे. दारात कुरिअरवाला असो, विमा विकणारा असो, नाहीतर मजला चुकलेला कोणी. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. अंबडच्या आमच्या कंपनीत ते सगळ्यांत ज्येष्ठ प्रोग्रामर होते. कांदा बाजारातल्या वजनकाट्यांची ऑपरेटिंग सिस्टीम त्यांनीच लिहिली होती.

त्यांच्या टेबलाचा खण कायम उघडा. त्यातला चिवडा कोणीही न विचारता खायचा. मूळचे ते वणीचे. "चैत्रात देवीच्या गडावर चालत जाणारी माणसं आमच्या ओट्यावर झोपायची. आई भाकरी वाढायची. नाव कोण विचारतं?"

आम्ही चेष्टा करायचो, "सर, तुमच्याकडे चोरालाही ताट मिळेल."

"मिळेलच की."

सिस्टीमही त्यांनी त्याच स्वभावाने लिहिली. लॉगिनच्या नावासाठी ठरावीक जागा ठेवली, पण आलेलं नाव तेवढ्यात मावतं का, हे तपासलंच नाही. मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "काट्यावरचा माणूस स्वतःचंच नाव टाकणार ना?"

मग एके दिवशी एका बाजारात कोणीतरी नावाऐवजी लांबलचक काहीबाही टाकलं. जादाची अक्षरं शेजारच्या, परवानग्यांच्या जागेवर सांडली आणि सिस्टीमने त्याला मालक समजून आत घेतलं. त्याने काटे कमी वजन दाखवतील असे करून ठेवले.

सर आणि मी त्या बाजारात पोचलो तेव्हा लिलाव बंद होता आणि ट्रॅक्टर रांगेत उभे होते. एक म्हातारे शेतकरी सरांजवळ आले. "साहेब, ह्यो काटा तुमीच बनवला का?"

"हो."

"मंग आमी इस्वास ठिवला, त्याचं काय?"

आवाजात राग नव्हता.

दुरुस्ती सरांनीच केली. एवढीशी होती. नंतर खणाला कुलूप दिसलं, मग राजीनामा. तो कोणी मागितला नव्हता. मला रडू यायला हवं होतं. काहीच वाटलं नाही, मी जेवणाचा डबा उघडून जेवलो.

दिवाळीत इंदिरानगरला त्यांच्या घरी गेलो. पूर्वी उघडं असणारं दार बंद होतं. बेल वाजवली.

"कोण?"

"सर, मी."

"मी म्हणजे कोण?"

इतकी वर्षं आम्ही शेजारी बसलो होतो. मी नाव सांगितलं.

"पूर्ण नाव सांगा."

वडिलांचं नाव, आडनाव, सगळं सांगितलं. दाराचं भिंग काळं झालं, म्हणजे ते बघत होते. कडी काही वाजली नाही. चिवड्याचा डबा हातात धरून मी तिथेच उभा राहिलो.