पाहुण्याच्या घागरीचा तारांकित प्रश्न

माझी बायको आमदार होती. हे वाक्य मी आजही छाती जरा पुढे काढूनच म्हणतो. कुणाला खपत नसेल तर त्यानं आपल्या बायकोला निवडणुकीला उभं करून बघावं आणि निवडून आणून दाखवावं.

मी कापड दुकानदार. लुगडी, खण, धोतरं, लग्नसराईत शालू. आमच्याकडे बाई निवडून आली की कारभार नवरा करतो, अशी रीत. त्यामुळे सुरुवातीला लोक कागद घेऊन थेट माझ्या गादीवर यायचे. मी म्हणायचो, माझ्याकडे पाटणकाठाचं लुगडं आहे, हुकूम नाही. हुकूम पाहिजे तर आत जा, अक्का भाकरी थापतायत. कर्नाटकच्या सीमेकडचा मुलूख असल्यानं सगळे तिला अक्का म्हणायचे, आणि मला ‘अक्कांचे मालक’. पहिल्या वर्षी या मालकपणाचा मला राग यायचा. नंतर मीच दुकानात येणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाला तशी ओळख करून द्यायला लागलो.

नवा लातूर जिल्हा झाला तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले होते. एका कागदासाठी उस्मानाबादला जाण्यात अख्खा दिवस एसटीत घालवणारी माणसं आम्ही. आम्हाला लातूर म्हणजे अंगण वाटायला लागलं. पण नव्या घरात राहायला गेलं की जुन्या घरातली एखादी गोष्ट हटकून मागे राहते. तसं एका वाडीचं झालं. ही वाडी आमच्या मतदारसंघाच्या अगदी टोकाला, मुखेडच्या शिवेला लागून. वाडी लातूर जिल्ह्यात, आणि तिचा टँकर भरायचा तो तलाव नांदेड जिल्ह्यात. पूर्वी दोन्हीकडचे तहसीलदार आपसात बोलून घ्यायचे आणि टँकर यायचा. नवी कचेरी आली, नवे साहेब आले, त्यांनी विचारलं की दुसऱ्या जिल्ह्याचं पाणी आपण कोणत्या हुकुमानं उचलतो? असा हुकूम कुणालाच सापडेना. टँकर बंद झाला.

बंद झाला तोही कधी, तर सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिल्यावर. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. दिवाळीलाच वाडीच्या विहिरीचा तळ दिसायला लागला. बाया शीव ओलांडून दुसऱ्याच्या रानातल्या झऱ्यावर जायच्या आणि वाटीवाटीनं घागर भरायच्या.

बायको वाडीत गेली त्या दिवशी जीप मीच चालवत होतो. आम्ही पारावर टेकलो न टेकलो तोच तांब्याभर पाणी पुढे आलं. वाडीत एक म्हातारी होती, सगळ्या बाया तिच्या शब्दात. ती बायकोला म्हणाली, “अक्का, आमाला रस्ता नगं, दिवा नगं. टँकर तेवढा परत चालू करून द्या. पोरी झऱ्यावर बसून बसून वाळून चालल्यात.”

माझी बायको सहसा शब्द देत नसे. ‘बघते’ ही तिची शेवटची मर्यादा. त्या दिवशी मात्र तिनं म्हातारीचा हात हातात घेतला आणि सांगितलं की हे मी नागपूरच्या अधिवेशनात मंत्र्यांना विचारते, आणि टँकर आला न्हाई तर पुढच्या वेळी या वाडीत मत मागायला येणार न्हाई. परतीच्या वाटेवर मी तिला म्हणालो, एवढं बोलायची काय गरज होती? ती म्हणाली, त्या बाईचा हात बघितला असता तर तुम्हीही बोलला असता.

तारांकित प्रश्न म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. तो आधीच लेखी पाठवायचा, मंत्र्यांचं उत्तर छापून येतं, आणि सभागृहात पुकारा झाला की सदस्यानं उभं राहून त्यावर उपप्रश्न विचारायचे. खरी गंमत उपप्रश्नात. छापील उत्तर खात्याचं असतं, उपप्रश्नाला मंत्र्याला स्वतःला तोंड द्यावं लागतं. बायकोचा पक्ष सरकारातलाच, त्यामुळे एका ज्येष्ठ सदस्यांनी तिला समजावून पाहिलं की बाई, आपल्याच सरकारला असं भर सभागृहात विचारू नये, चिठ्ठी द्यावी. तिनं ऐकून घेतलं आणि प्रश्न पाठवला.

मग आमच्या दुकानात सराव सुरू झाला. दुपारी गिऱ्हाईक कमी असे तेव्हा मी गादीवर मंत्री होऊन बसायचो आणि ती समोर उभी राहून प्रश्न विचारायची. मंत्र्याचं काम मला फार चांगलं जमत होतं, हे मी अभिमानानं सांगतो. आयुष्यभर बाया मला विचारत आल्या, मालक, रंग जाईल का? आणि मी सांगत आलो, ते तुमच्या धुण्यावर आहे. त्यामुळे उत्तर देऊनही काही न सांगण्याची विद्या माझ्या अंगात मुरलेली. जुनी छापील उत्तरं वाचून मी ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे वाक्य उचललं होतं. ती विचारायची, टँकर का बंद केला? मी म्हणायचो, प्रश्न उद्भवत नाही. ती विचारायची, जेवायला वाढू का? तेव्हा मात्र उद्भवायचा. ती चिडायची, पण तिचं बोलणं धारदार होत गेलं. पुस्तकी मराठी तिनं आरशासमोर घोटून घोटून तोंडात बसवली होती. ‘हाय’चं ‘आहे’ करताना तिचा जीव मेटाकुटीला यायचा.

नागपूरला जाताना वाट वाकडी करून माहूरला उतरलो. आम्ही लिंगायत, कपाळाला विभूती लावणारी माणसं, पण रेणुकेच्या पायऱ्या बायको नेमानं चढायची. खाली प्रसादाचा विडा घेताना मी विचारलं, देवीला काय मागितलं? म्हणाली, काही नाही, फक्त सांगून आले.

तिचा प्रश्न पुकारायचा त्या सकाळी मी प्रेक्षकांच्या गॅलरीत बसलो होतो. सवयीनं मांडी घातली, तर पहारेकऱ्यानं लगेच खूण केली की पाय खाली. तिथं बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, पुढे वाकून बघायचं नाही. दुकानदाराला असं गप्प बसवणं ही एक शिक्षाच.

छापील उत्तर आम्हाला सकाळीच मिळालं होतं. वाडीत पिण्याचं पाणी उपलब्ध नाही हे खरं आहे काय? हे खरे नाही. असल्यास टँकर बंद करण्याची कारणे काय? प्रश्न उद्भवत नाही. मी दुकानात चेष्टेनं म्हणत होतो तेच वाक्य, सरकारी शाईत. वाचून माझं डोकं सणकलं. धडधडीत खोटं! झऱ्यावर बसलेल्या त्या बाया मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या होत्या.

पुकारा झाला. बायको उभी राहिली आणि तिनं घोटलेल्या मराठीत नीट विचारलं की पाणी उपलब्ध आहे हे शासनानं कशाच्या आधारे ठरवलं. मंत्री उठले. वयस्कर, शांत माणूस. त्यांनी हातातला कागद बघून सांगितलं की सन्माननीय सदस्यांचा प्रश्न आल्यावर अधिकारी समक्ष वाडीत गेले होते. ग्रामस्थांनी त्यांना पाय धुवायला पाणी दिलं, प्यायला तांब्याभर पाणी दिलं, वर चहाही केला. ज्या वाडीत पाहुण्याचे पाय धुवायला पाणी आहे, तिथं टंचाई आहे असं शासनाला कसं म्हणता येईल? सभागृहात हशा पिकला. काही बाकं वाजली.

मला सकाळसारखं ‘खोटं’ म्हणता येईना. कारण मंत्री खोटं बोलत नव्हते. त्या वाडीतल्या माणसांनी नक्की तेच केलं असणार. ज्याच्या अहवालावर आपलं पाणी ठरायचं आहे त्याच्याच पायावर पाणी ओतायचं, ही चूक जगात दुसरं कुणी करणार नाही, आमची माणसं करतील. आमच्या भागात टंचाईच्या दिवसांत प्रत्येक गल्ली एक घागर वेगळी ठेवते. घरटी थोडं थोडं पाणी घालून ती भरायची आणि झाकायची. दारी आलेल्या माणसासाठी ती. घरातलं लेकरू रडलं तरी तिला हात लावत नाहीत. आम्ही पारावर प्यालो तेही तिच्यातलंच. पण हे नागपुरात कुणाला ठाऊक असणार?

बायको उभीच होती. अध्यक्षांनी विचारलं, सन्माननीय सदस्यांना उपप्रश्न विचारायचा आहे का, नाहीतर पुढे जाऊ. ते ज्येष्ठ सदस्य मागे वळून तिला हातानं बसायची खूण करत होते. गॅलरीत मी कठडा गच्च धरला. आता ही बसली तर वाडीचं पाणी कायमचं गेलं, कारण सरकारनं एकदा ‘खरे नाही’ म्हणून छापलं की खालचे साहेब तेच वर्षानुवर्षं दाखवत बसतात.

मग ती बोलली, आणि घोटलेली मराठी तिनं बाजूला ठेवली.

“अध्यक्ष महोदय, मंत्रीमहोदय सांगतात ते खरं हाय. साहेबांला पाणी दिलं. मी गेले तवा मलाबी दिलं, अन् मी प्याले. दारात आलेल्याला पाणी न्हाई म्हणायची आमच्याकडं रीत न्हाई, मग तो सरकारचा असो की वैऱ्याचा. त्याच्यासाठी गल्लीनं एक घागर राखलेली असती. माझा उपप्रश्न एवढाच हाय. साहेब पाणी पिऊन गेल्यावर त्या बाया काय प्याल्या, हे शासनानं इचारलं काय?”

कुणी हसलं नाही. समोरच्या विरोधी बाकांवरही कुणी आरडाओरडा केला नाही, आणि एरवी ते टाचणी पडली तरी उठायचे. मंत्र्यांच्या मागे बसलेल्या अधिकाऱ्यानं घाईनं एक चिठ्ठी पुढे सरकवली. मंत्र्यांनी ती वाचली आणि बाजूला ठेवली. मग ते म्हणाले, “अध्यक्ष महोदय, हे विचारलेलं नाही. विचारायला हवं होतं.”

त्या माणसाचं मला आजही कौतुक वाटतं. माझ्यासारखा दुकानदार त्यांच्या जागी असता तर धुण्यावर ढकलून मोकळा झाला असता. त्यांनी तिथंच आश्वासन दिलं की आठवड्याच्या आत पुन्हा पाहणी होईल, आणि टंचाई दिसली तर दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना एकत्र बसवून तलावाच्या पाण्याचा हुकूम काढला जाईल. अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला.

बाहेरच्या व्हरांड्यात बायको भेटली. तिनं विचारलं, बरोबर बोलले का? मी मान डोलावली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण तिचा नवरा असल्याचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता. मी तिच्यासाठी चहा आणायला गेलो, आणि तिथं कॅन्टीनमध्ये तोंड फिरवून डोळे पुसले.

अधिवेशन चालूच होतं, म्हणून ती थांबली आणि मी दुकानासाठी परत आलो. पाहणीचा दिवस कळला तसा सकाळीच वाडीवर पोचलो. माझी दुकानदारी अक्कल वाटभर चालू होती. मी बायांना जमवून सांगितलं, या बारीला पाणी देऊ नका. घागर पालथी घालून ठेवा. साहेब कोरड्या घशानं परत गेला तरच टँकर येईल.

म्हातारीनं माझ्याकडे असं बघितलं की मी खांद्यावरचं उपरणं नीट केलं. तिनं विचारलं, अक्कांनी तसं सांगितलंय का? मी म्हणालो, नाही, माझं मत आहे. “मग मालक,” ती म्हणाली, “तुमी कापड इका.”

साहेब आले ते तेच, मागच्या वेळचे. तरुण होते, नव्या कचेरीत नुकतेच बदलून आलेले. ते पारावर बसले आणि म्हातारीनं त्यांच्यापुढे तांब्या धरला. मी कपाळाला हात लावला. साहेबांनी तांब्या घेतला खरा, पण ओठाला लावेनात. परत द्यावा तर अपमान, प्यावं तर कसं प्यावं. सगळ्या बाया त्यांच्याकडे बघत उभ्या होत्या. शेवटी ते प्याले, तांब्या खाली ठेवला, आणि हळू आवाजात म्हणाले, “आजी, हे मी प्यालो. आता तुम्ही काय पिणार?”

म्हातारी म्हणाली, “मागल्या बारीलाच इचारलं असतं साहेब, तर आमच्या अक्काला नागपूरला जाऊन उभं ऱ्हावं लागलं नसतं.”

साहेबांनी झरा दाखवायला सांगितलं. बाया त्यांना घेऊन शिवेकडे निघाल्या.

टँकर पुढे सुरू झाला आणि पाऊस पडेपर्यंत चालला. पाहणीच्या दिवशी संध्याकाळी मी पोस्टातून आमदार निवासात ट्रंक कॉल लावला आणि वाडीत काय घडलं ते बायकोला सांगितलं. माझी पालथ्या घागरीची अक्कलही सांगून टाकली, कारण ती म्हातारीकडून कळलीच असती. मी म्हणालो, हाच तो साहेब, ज्याच्यामुळे सगळ्यांदेखत तुझं हसं झालं होतं. मंत्र्यांना सांगून त्याची बदली करायला लाव.

ती म्हणाली, “त्यानं इचारलं न्हवं? मग आता त्याला तिथंच ऱ्हाऊ द्या.”