लीलाकाकूचा बल्ब

लीलाकाकू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर होते. खडू हातातच राहिला... त्या फळ्यापर्यंत मला तिनंच पोचवलं होतं.

माझे आई-बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये मजुरीला जायचे. घरात कुणी मॅट्रिक झालेलं नव्हतं. गाव समुद्रपूरकडे, कॉलेज हिंगणघाटला, आणि भरून आलेली एसटी आमच्या फाट्यावर थांबायचीच नाही. मग लीलाकाकूच्या नवऱ्यानं, काकांनी, नागपूरहून जुनी व्हॅन आणली आणि आम्ही पाच मुली कॉलेजात जाऊ लागलो. बापमंडळींच्या अटी दोनच : लीलाकाकू रोज सोबत बसेल, आणि पोरी दिवेलागणीच्या आत घरी. काकू शाळेची पायरी चढली नव्हती, पण त्या गाडीचा आवाज न् आवाज तिला पाठ झाला होता.

तिसऱ्या वर्षी दसऱ्यानंतर गाडी बिघडली. ब्रेक दाबला की हॉर्न वाजे, हॉर्न दाबला की दिवे मंद होत. मिस्त्रीनं बॅटरी बदलली, डायनामो उघडला. काकांनी लिंबू-मिरची बांधली. तीनदा उशीर झाला, तसे आमच्यातल्या रंजीचे बाबा दारात येऊन म्हणाले, "आज आखरी. उशीर झाला का माही पोरगी घरी बसन." एकीला बसवलं की बाकीच्यांनाही बसवणार, हे आम्ही जाणून होतो.

नेमकं त्याच संध्याकाळी गावाअलीकडे शेळ्या आडव्या आल्या आणि इंजिन बंद पडलं. चावी फिरवली की नुसतं टक्! ढकलून पाहिलं, तरी नाही. सूर्य टेकलेला. रंजी रडायला लागली.

"रडतं काऊन? हट बाजूले," म्हणत काकूनं सीट उचलली. मिस्त्रीकडे पाहून पाहून तिनं एका बल्बाला दोन वायरी जोडून ठेवल्या होत्या. एक वायर बॅटरीच्या एका टोकाला, दुसरी गाडीच्या पत्र्याला... बल्ब मिणमिणला. तीच दुसरी वायर बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला लावली, तर लख्ख!

"बॅटरी चांगली हाय. करंट जाऊन राह्यला, पण वापस येऊन नाई राह्यला," ती म्हणाली आणि बॅटरीहून पत्र्याला जाणाऱ्या जाड वायरीवर बोट फिरवत खाली गेली. तिथला बोल्ट गंजून हिरवागार, वर कुंकवाचा थर. गाडी जिच्या जोरावर चालते तिचीच पूजा, म्हणून काका दसऱ्याला बॅटरीवर नारळाचं पाणी शिंपडायचे.

"देवाले पाजलं का बोल्टाले?"

"मले का मालूम व..." काका पुटपुटले.

तिनं बोल्ट सोडला, दगडानं घासला, आमच्या बाटलीतल्या पाण्यानं धुतला, पदरानं पुसून आवळला. इंजिन एका चावीत सुरू झालं! काका गाडी हाणणार, तर काकू म्हणाली, "सारे दिवे लावा. पाहू द्या लोकायले." एकाही घरात दिवा लागला नव्हता, आणि आम्ही आतला, बाहेरचा, एकूणएक दिवा लावून, हॉर्न वाजवत गावात शिरलो. रंजीचे बाबा फाटकाशीच उभे होते. काकूनं खिडकीतून विचारलं, "काहो, लागली काय दिवेलागण?"

पुढच्या दसऱ्यापासून नारळ गाडीपुढच्या दगडावर फुटू लागला.

व्हॅन कधीच भंगारात गेली. काकूच्या तेरवीला गेले तेव्हा तो बल्ब मात्र स्वयंपाकघरातल्या खुंटीवर होता, वायरींची टोकं घासून चकचकीत केलेली. मी तो घरी आणला आहे.

त्या तिसऱ्या वर्षाच्या शेवटी आम्ही पाचही जणी बी.ए. झालो. आमच्या गावातल्या पहिल्या.