दोघींच्या मधे मी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. ज्या बाईंनी आमचं घर सावरलं त्यांनाही नाही – आणि त्यांनी तर मला सांगायची वाट मोकळी करून दिली होती. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. नीटसं मलाही माहीत नाही.

मी संगमनेरला कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. नात्यात कुणाच्या मुलाची मुलाखत असो, कुणाचा व्हिसा असो, लोक म्हणायचे, सरांना विचारा. मला ते आवडायचं. फार आवडायचं. माझी बायको सुमन बेलापूरची, शेतकऱ्याची मुलगी. तिला इंग्रजी येत नाही, आणि येत नाही याचं तिला कधी काही वाटलंही नाही.

आमचा एकुलता मुलगा अनिकेत नोकरीसाठी रॉटरडॅमला गेला आणि तिथेच त्याने कामिलाशी लग्न केलं. कामिला चिली देशाची. लहानपणीच आई गेलेली, वडिलांनी वाढवलेली मुलगी. तिची भाषा स्पॅनिश, ऑफिसात डच, अनिकेतशी इंग्रजी. सुमनला यातलं काहीच कळत नव्हतं. म्हणजे अनिकेत जवळ नसला, की सासू-सुनेचा एकमेकींशी बोलायचा रस्ता एकच होता – मी.

लग्नाला आम्ही दोघं तिकडे गेलो होतो. एका बेकरीत मी इंग्रजीत काहीतरी मागितलं. काउंटरवरच्या पोरीला कळेना. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा कळेना. शेवटी तिने माझ्या खांद्यावरून अनिकेतकडे पाहिलं. एवढंच झालं, दुसरं काही नाही. पण त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात सुमन कामिलाला भाकरी थापायला शिकवत होती – ही मराठीत बोलतेय, ती स्पॅनिशमध्ये, आणि दोघी हसून हसून बेजार. मी मदतीला म्हणून आत गेलो. कामिला म्हणाली, "बाबा, आमचं चाललंय की." अगदी प्रेमाने म्हणाली. मी बाहेर येऊन बसलो. कुणालाच माझी गरज नव्हती – आणि ते मला सहन झालं नाही.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. पुढे जे केलं त्याला कारण असूच शकत नाही. पण घडलं कसं ते सांगायचं, तर हे वगळून कसं चालेल?

मग फोन आला. कामिलाला सहावा महिना होता. अनिकेत ऑफिसला गेलेला. सुमनचा फोन जुना, बटणांचा, म्हणून कामिलाने माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल केला. मी खुर्चीत बसलेलो, सुमन खाली मेथी निवडत होती. कामिला हळूहळू, शब्द जुळवत बोलली. म्हणाली, मला आई नाही. बाळाचं मला काही म्हणजे काही कळत नाही. आईंनी यावं, दोन-तीन महिने माझ्याजवळ राहावं. अनिकेतने विचारलं असतं, पण मला हे माझ्या तोंडाने विचारायचं होतं.

सुमनने मान वर केली. "काय म्हनती?"

आणि मी म्हणालो – किती सहज म्हणालो! – "म्हणतेय, तिकडे दवाखान्यात सगळी सोय असते. तुम्ही एवढ्या लांब येण्याची दगदग करू नका."

सुमनचे हात थांबले. "मला कसली दगदग? मी येते म्हनावं तिला."

मी पडद्याकडे पाहिलं आणि स्वच्छ, शुद्ध इंग्रजीत सांगितलं, की आईचे गुडघे दुखतात, तिला जमायचं नाही. इथे थांबलो असतो तरी एक वेळ... पण मी पुढे गेलो. म्हणालो, शिवाय तिचं म्हणणं असं, की आमच्याकडे बाळंतपण मुलीच्या माहेरचे करतात.

आई नसलेल्या मुलीला मी हे सांगितलं. सुमनच्या नावावर सांगितलं. कामिला हसून म्हणाली, कळलं बाबा, त्यांना म्हणावं काळजी घ्या. मी सुमनला तेवढं मात्र बरोबर सांगितलं.

सुमनने डिंक, खारीक, खोबरं आधीच आणून ठेवलं होतं. त्याचे लाडू तिने केले आणि शेजारच्या बाळंतीण मुलीला देऊन टाकले. "तिला नको तर आपन कशाला मधी पडायचं," एवढंच म्हणाली. अनिकेतने मला एकदा विचारलं, बाबा, आई खरंच असं म्हणाली? मी म्हटलं, जुन्या वळणाची आहे रे, तू तिच्यापाशी विषय काढू नकोस. त्याने नाही काढला. मुलगा माझ्यावर विश्वास ठेवतो. पाहिलंत ना, एक खोटं टिकवायला काय काय लागतं?

तारा झाली. ती रांगायला लागली, चालायला लागली, तिकडे शाळेत जायला लागली. आमच्या घरी फोन यायचे, पण दोघींच्या बोलण्यातलं हसू गेलेलं. 'तब्येत बरी?' 'बरी.' 'पाऊस?' 'झाला.' मी दोन्हीकडून भाषांतर करत होतो, आणि भाषांतर करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. हळूहळू ते अनिकेत-कामिलाच्या संसारात उतरलं. तुझ्या आईने मला परकी ठरवलं, असं ती म्हणायची. तो आईची बाजू घ्यायचा, पण आईला विचारायचं धाडस करायचा नाही. भांडणं वाढली. तेव्हा कामिलानेच समुपदेशकाकडे जाऊ म्हटलं.

अनिकेतने शोधून काढल्या त्या मनीषा मॅडम. नवऱ्याच्या नोकरीमुळे बरीच वर्षं परदेशात राहिलेल्या, तिथेच हे काम शिकलेल्या. वेगवेगळ्या देशांतली माणसं एका घरात आली की जे गुंते होतात, ते सोडवणं हेच त्यांचं काम. सासूबाईंच्या आजारपणामुळे नगरला परतल्या, आणि केडगावात एका मेडिकलच्या वरच्या खोलीत बसून जगभरातल्या कुटुंबांशी कॉम्प्युटरवरून बोलायच्या. त्यांनी निरोप दिला, आई-बाबांना इथे माझ्यासमोर बसू द्या, तुम्ही दोघं तिकडून पडद्यावर या.

मी अर्थातच विरोध केला. आपल्या घरातलं बाहेरच्या बाईला कशाला? सुमन म्हणाली, "पोरगं म्हनतंय तर चला. न्हाई गेलो तर लई वाईट दिसंल." आम्ही एसटीने नगरला गेलो, तिथून रिक्षाने केडगावला.

पहिल्याच भेटीत मॅडमनी मला सांगितलं, "सर, इथे भाषांतर मी करणार. तुम्ही फक्त स्वतःचं बोला." मला अपमान वाटला. पण मी त्यांचं काम बघत गेलो, आणि – मी आयुष्यभर भाषा शिकवली हो, पण असं काही पाहिलं नव्हतं. त्या एकेक वाक्य पलीकडे न्यायच्या आणि बोलणाऱ्याला विचारायच्या, हे असंच म्हणायचं होतं ना तुम्हाला? सुमनच्या 'लई'मधला जोरसुद्धा त्या गाळत नव्हत्या. कुणी 'तिला असं म्हणायचंय की' म्हणून सुरुवात केली, की हळूच थांबवायच्या – तिला काय म्हणायचंय ते ती सांगेल.

एकदा कामिला इंग्रजीत अडखळत होती. मॅडमनी विचारलं, तुम्हाला राग येतो तो कुठल्या भाषेत? कामिला म्हणाली, स्पॅनिश. मॅडम म्हणाल्या, मग आधी स्पॅनिशमध्ये बोला, आम्हाला नाही कळलं तरी चालेल. आणि ती बोलली. किती तरी वेळ बोलली. त्या खोलीत कुणालाही त्यातला शब्द कळत नव्हता. तिचं संपल्यावर मॅडमनी सुमनला विचारलं, तुम्ही काय ऐकलंत?

सुमन पदराने डोळे पुसत होती. म्हणाली, "ती एकटी पडली हुती. तेवढं कळलं मला."

मॅडमनी ते पलीकडे सांगितलं. कामिलाने तोंडावर हात ठेवला.

मग तिने इंग्रजीत सांगितलं. तिकडे पहिले काही दिवस नर्स घरी येते. त्यानंतर कुणी नाही. अनिकेत कामावर. बाळाला अंघोळ घालायची तिला भीती वाटायची, हातातून निसटेल म्हणून. कितीतरी दिवस ती ताराला नुसत्या ओल्या फडक्याने पुसून काढायची आणि रडायची. हे मॅडमनी मराठीत सांगितलं तेव्हा सुमनचा संयम सुटला. "मी येत हुते गं! माझी लई इच्छा हुती. पन तूच नको म्हनालीस ना?"

मॅडमनी ते जसंच्या तसं पलीकडे नेलं. कामिला म्हणाली, मी? मी तर बोलावलं होतं!

पडद्यावर अनिकेत माझ्याकडे बघत होता. सुमन माझ्याकडे बघत होती. हा क्षण होता. यापेक्षा सोपा क्षण माणसाला मिळतो का? एक वाक्य बोलायचं होतं.

मी म्हणालो, "त्या दिवशी आवाज तुटत होता. माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल."

आवाज तुटत नव्हता. मला तिचा शब्द न् शब्द ऐकू आला होता.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग माझं वाक्य आहे तसं इंग्रजीत सांगितलं – एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. नेहमीप्रमाणे मलाही विचारलं, "हे असंच म्हणायचं होतं ना, सर?" मी मान हलवली. पलीकडे कामिला रडता रडता हसायला लागली. म्हणजे माझी सासू मला नको म्हणाली नव्हती, हे ती परत परत म्हणत होती. माहेरच्यांवर ढकललेल्या त्या वाक्याबद्दल तिच्याकडे बघत राहिलेल्या अनिकेतने विचारलं नाही, आणि तिनेही विचारलंच नाही. तिला विचारावंसंच वाटलं नाही, इतका तिला आनंद झाला होता.

निघताना सुमन जिना उतरत होती, तेव्हा मॅडम मला म्हणाल्या, "सर, तुम्हाला कधी एकट्याने यायचं असेल तर या. तुमच्या वतीने मी कुणाला काही सांगणार नाही. ते काम तुमचंच राहील." आवाजात दटावणी नव्हती. मी हो म्हटलं. गेलो नाही.

परतीच्या वाटेवर सुमनने मला दोष दिला नाही. उलट माझ्या कानांची काळजी करत बसली. तेव्हापासून ती माझ्याशी मोठ्याने बोलते. कामिला फोनवर सावकाश, एकेक शब्द तोडून बोलते – बाबांना त्रास नको म्हणून. अनिकेतने कानाच्या डॉक्टरकडे जा म्हणून पाठ धरली. मी टाळतो. त्यांच्या मायेचा असा रोज मार बसतो, आणि तो मी गुपचूप खातो.

बाकी घराचं चांगलं झालं. खरंच चांगलं झालं. मॅडमनी दोघींना सांगितलं, मधे कुणी नको, रोज थोडा वेळ तुम्हीच बोला. सुमनने नवीन फोन घेतला. कामिला मराठी शब्द विचारते, सुमन स्पॅनिश शिकते. अडलं की हातवारे. चुकलं की दोघी हसतात. मी पलीकडच्या खोलीत ऐकत असतो आणि मला अचंबा वाटतो – एका बाईने आमच्यातला फक्त मला बाजूला केलं, आणि सगळं वाहतं झालं.

आता कामिलाला दुसरं बाळ झालंय. सुमन तिकडे गेलीय. एकटी गेली, विमान बदलून गेली. काल तिने व्हिडिओवर दाखवलं – पाय पसरून बसलेली, पायांवर बाळ, शेजारी तारा पाण्याचा तांब्या धरून, आणि कामिला नुसती भिंतीला टेकून बघतेय. तिला काही करायचं नव्हतं. किती निवांत दिसत होती ती. मला वाटलं, हे तिला पहिल्याच वेळी मिळालं असतं.

ते तिला मिळू नये अशी व्यवस्था मी केली. ऐकण्यात चूक झाली नव्हती. मी खोटं बोललो – दोघींशी, दोन भाषांत, आणि नंतर पुन्हा एकदा सगळ्यांसमोर. आई नसलेली ती मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन त्या घरात एकटी बसली होती, आणि तिला तसं एकटं मी बसवलं होतं.