बाबांच्या वाट्याची तुकडी

डॉक्टरांनी बाबांचं कोलेस्टेरॉल वाढल्याचं सांगितलं, तेव्हापासून बोनकोड्याच्या घरात मी त्यांच्या ताटावर पहारा देऊ लागलो. सकाळी ओट्स, जेवणात डाळ आणि पालेभाजी, तळलेलं बंद. आम्हा भावंडांना ते बेचव जेवण नको, म्हणून आई आमच्यासाठी सुरमई तळायची, खोबऱ्याचं कालवण करायची. हाताच्या सवयीने बाबांच्या वाट्याची तुकडीही तळली जायची. आई सगळ्यांच्या मागून जेवायची आणि उरलेलं संपवायची. म्हणायची, "टाकू कशाला? अन्न हाय."

दोन वर्षांनी बाबांचा रिपोर्ट नॉर्मल आला. मी शहाण्याने पेढे वाटले. आईचं रक्त तपासायचं कुणालाच सुचलं नाही. यंदा हार्ट अटॅकने ती ओट्यापाशीच गेली.

बाबा अजून ओट्स खातात. उरलेलं मी टाकून देतो.