नवव्या ओळीतला पाववाला

आमच्या राफ्कोला पोटदुखी आहे. डॉक्टरला ती सापडणार नाही, मला विचारा. त्याच्या आणि माझ्या परसात एकच भिंत, आणि तीही कमरेएवढी. दुखणं सुरू झालं बाईंचं पत्रक निघालं त्या दिवशी.

राफ्को आमच्या लष्करी दफनभूमीचा माळी. वय एकाहत्तर, गुडघे नव्वदीचे. पहिल्या महायुद्धात सोचा नदीच्या वरच्या अंगाला ऑस्ट्रियाच्या फौजेचे जे सैनिक पडले, त्यांतले साडेसहाशे आमच्या चर्चमागच्या उतारावर झोपलेत. चेक, हंगेरियन, बोस्नियाचे, आपले स्लोव्हेनियनही. चाळीस वर्षं राफ्को त्यांच्यावरचं गवत कापतो. कुठला दगड थंडीत कलतो, कुठल्या क्रुसाखाली मुंग्या, सगळं पाठ. लग्न केलं नाही, त्यामुळे ‘माझी पोरं’ म्हणतो ती यांनाच.

आणि मिलोयका बाई म्हणजे आमच्या शाळेच्या बाई. निम्म्या गावाचे कान त्यांनी पिळलेत, माझा डावा. निवृत्त झाल्यावर पिळायला कान उरले नाहीत, तेव्हा बाई दफनभूमीकडे वळल्या. व्हिएन्नाला पत्रं धाडली, जुन्या याद्या मागवल्या आणि पत्रक छापलं: ‘उल्लेखनीय कबरी, एक ते सात.’ एक नंबरला ऑपेरात गाणारा कॅप्टन, दोनला वैमानिक, तीनला कुठल्याशा सरदाराचा धाकटा, आणि असेच. पाहुणे चर्चच्या दारातल्या पेटीतून पत्रक उचलतात, पेन्सिलीने खुणा करत सात कबरी शोधतात, सात फोटो काढतात आणि जेवायला जातात. उरलेल्या सहाशे त्रेचाळीस जणांकडे ढुंकून बघत नाहीत.

“अहो, तो गाणारा कॅप्टन कुठे?” राफ्कोला विचारतात.

“झोपलाय. उठवू का?”

मागच्या उन्हाळ्यात पत्रकं संपली, नवी छापायची ठरली. राफ्को टोपी काढून बाईंच्या दारात उभा राहिला. मीही गेलो, भोपळा द्यायचं निमित्त करून.

“बाई, एक आठवा घाला. नववी ओळ, यान हालुप्का.”

बाईंनी चष्मा लावून यादी चाळली. “हालुप्का, यान. फौजेच्या भट्टीवरचा पाववाला. राफाएल, याने केलं काय?” राफ्कोचं पूर्ण नाव फक्त बाईच घेतात.

“पाव केले.”

“ते सगळेच पाववाले करतात.”

“तुमच्या कॅप्टनने गाणी म्हटली. ती सगळेच गाणारे म्हणतात.”

“उद्धटपणा नको. उल्लेख करायचा तर काही घडलेलं लागतं. असेल तर सांग.”

राफ्कोने टोपी घातली आणि निघाला. रस्त्यात मी म्हटलं, “अरे, सांगून टाकायचं ना काय असेल ते!”

“नाही सांगणार. सांगितलं की ते बाईंचं होतं.”

त्यानंतर कॅप्टनभोवतीचं गवत सगळ्यांत शेवटी कापलं जाऊ लागलं. कॅप्टनचं गुलाबाचं झाड भर ऑगस्टमध्ये ‘थंडीने’ गेलं.

मग आला सर्व संतांचा दिवस, एक नोव्हेंबर. सकाळी जो तो आधी घरच्या मेलेल्यांपुढे लाल काचेतले मेणाचे दिवे ठेवतो, मग सैनिकांकडे येतो. आमच्या लोकांची एक खोड आहे. जिथे आधीच दहा दिवे, तिथेच अकरावा. अंधाऱ्या कबरीपुढे एकटा दिवा ठेवायला हात लाजतो, जसा रिकाम्या खानावळीत शिरायला पाय लाजतो. त्यामुळे कॅप्टनपुढे चाळीस दिवे, आणि हालुप्कापुढे एक. राफ्कोचा. शेजारी पावाचा एक वेडावाकडा गोळा.

दुपारी एक वाजता, गाव जेवायला बसलेलं असताना, राफ्कोची ढकलगाडी माझ्या परसामागच्या दफनभूमीच्या वाटेवरून चालली होती. गाडीत वाळकी पानं, पानांतून धूर, आणि मधूनच लाल काच चमकायची.

“राफ्को, कचरा वाटेतच पेटवतोस?”

“तू जेव.”

“कॅप्टनसाहेबांना थंडी वाजेल रे!”

“त्याने गाणं म्हणावं, ऊब येईल.” आणि गाडी नवव्या ओळीकडे वळली.

मी कुणाला बोललो नाही. म्हणजे बायकोला बोललो, पण ती घरातलीच.

अडीचपर्यंत गावाने आपल्या खोडीप्रमाणे भर घातली. हालुप्का नुसता झळाळत होता. तीन वाजता पाद्री आशीर्वाद देतो, त्याआधी खालच्या शहरातली पुरुषांची गायक मंडळी दरवर्षी कॅप्टनपुढे गाते. त्या वर्षी त्यांचा मास्तर नवा. तो दिवे बघून सरळ नवव्या ओळीत गेला, सोळा जणांनी टोप्या काढल्या आणि अशी सुंदर प्रार्थना गायली की मीही मान खाली घातली.

बाई गाणं संपेपर्यंत थांबल्या. तेवढी शिस्त आहे.

“कुणापुढे गायलात?”

“कॅप्टनपुढे.”

“हा पाववाला आहे!”

मास्तराने टोपी घातली, परत काढली. गावाचे डोळे राफ्कोकडे वळले. त्याच्या बाहीवर कोपरापर्यंत मेण.

“राफाएल, पुढे ये.” सत्तरीचा माणूस वर्गात आल्यासारखा पुढे आला. “माझ्या कॅप्टनने तुझं काय वाकडं केलंय?”

“काही नाही. त्याला सगळे आहेत, एवढंच.”

“आणि याला?”

मग राफ्को बोलला. त्याची आज्जी तेव्हा दहा वर्षांची. आमच्याकडे या दिवसांत मेलेल्यांच्या नावाने मुलांना पक्ष्याच्या आकाराचे छोटे पाव वाटतात, पण त्या वर्षी कुठल्याच घरात पीठ नव्हतं. फौजेची कणीक तोलून मिळायची. हालुप्काने परातीला चिकटलेली खरवडून काढली, चौदा मुलांसाठी चौदा पक्षी भाजले. वरच्या अधिकाऱ्याला कळलं. भट्टी सुटली, वर खंदकात पाठवला. चौथ्या दिवशी त्याचं प्रेत झोळीतून खाली आलं.

“आज्जी दरवर्षी एक पक्षी भाजायची. आता मी भाजतो. माझा कावळा होतो.”

बाईंनी रुमाल शोधला. “हे उन्हाळ्यात का नाही बोललास?”

“तुम्ही विचारलंत काय केलं. मी सांगितलं की, पाव केले.”

वसंतात नवं पत्रक आलं. आठ नंबर: यान हालुप्का. राफ्को पंधरा दिवस ते सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरला, अर्धा कोपरा बाहेर दिसेल असा.

मग एका रविवारी बाईंनी बसभर पाहुणे आणले आणि नवव्या ओळीत गोष्ट सांगितली. परात, पक्षी, पडणारा बर्फ, अनवाणी मुलं. बायका डोळे पुसत होत्या. कुंपणाआड राफ्को धुमसत होता. “बर्फ नव्हता! आणि लाकडी बूट होते सगळ्यांना!”

ऑगस्टपर्यंत पाहुणे आधी आठ नंबरकडेच धावू लागले. नवव्या ओळीतलं गवत पायांखाली मेलं. बाईंनी स्वतः पक्षी भाजून ठेवला, आणि तो हुबेहूब पक्षी झाला. राफ्कोच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या तिथे. वर एका पाहुणीने त्यालाच विचारलं, “पाववाल्याच्या बाई कुठे भेटतील?”

“पाववाला माझा आहे.”

“अय्या, नात्यातले का?”

राफ्कोने गवताचं यंत्र सुरू केलं.

यंदा एक नोव्हेंबरला कॅप्टनपुढे सहा दिवे होते, आणि नवव्या ओळीत पाय ठेवायला जागा नव्हती. एक वाजता मी ताट घेऊन परसाच्या भिंतीशीच बसलो. ढकलगाडी आली, वर पानं, पानांतून धूर, तोंड कॅप्टनकडे.

“राफ्को, वाट चुकलास का रे?”

“तू जेव.”

“आणि हालुप्का?”

तो थांबला. मेणाने भरलेला हात पाटलोणीला पुसला.

“एक दिवा ठेवलाय. माझा. आणि कावळा.”