वाणात आलेली तबकडी

आमच्या पार्सिपनीच्या काकांइतका यशस्वी रेकॉर्डवाला अख्ख्या अमेरिकेत शोधून सापडायचा नाही. त्यांची प्रत्येक रेकॉर्ड शेवटच्या प्रतीपर्यंत खपते. कशी खपते, ते मात्र विचारू नका.

काका जन्मभर प्लास्टिकच्या पाइपांच्या कंपनीत इंजिनियर. रिटायर झाल्यावर माणसं भजनी मंडळ काढतात, गुडघे बदलून घेतात. काकांनी बेसमेंटमध्ये रिदम अँड ब्लूजच्या गाण्यांची रेकॉर्ड कंपनी काढली. "पाइप काय नि रेकॉर्ड काय, माल एकच!" हा त्यांच्या संगीतशास्त्राचा पाया. कंपनीचं नाव 'शेवगा रेकॉर्ड्स', कारण काकूंना शेवग्याच्या शेंगा आवडतात आणि बेसमेंटवर सत्ता काकूंची. गायिका एकच, मिस अर्लीन. चाळीस वर्षं शाळेची बस चालवून रिटायर झालेल्या, नेवार्कच्या चर्चमध्ये गाणाऱ्या बाई. काका-काकूंनी त्यांना पहिल्याच भेटीत 'अर्लीनताई' करून टाकलं. पहिल्या रेकॉर्डिंगला काकांनी माइकसमोर नारळ फोडला, पाणी मशीनमध्ये गेलं आणि रेकॉर्डिंग पुढच्या महिन्यात झालं. प्रकाशनाला गाणं तीन मिनिटांचं आणि अध्यक्षीय भाषण चाळीस मिनिटांचं. अर्लीनताई पहिल्या रांगेत बसून, एक अक्षर न कळता, दर वाक्याला मनापासून "आमेन!" म्हणत होत्या. अध्यक्ष त्यामुळेच चेकाळले.

आणि खप? काकूंनी संक्रांतीला डबे वाटणं बंद करून रेकॉर्डी वाटल्या. वाणाला नाही कोण म्हणणार? बारशाला रेकॉर्ड, मुंजीला रेकॉर्ड, वास्तुशांतीला दोन. घरोघरी शेवगा पोचला, फक्त रेकॉर्ड प्लेअर एकाही घरात नव्हता. कुणी तिचं घड्याळ केलं, कुणी गौरीच्या मखरात चक्र म्हणून फिरवली. माझी रेकॉर्ड सहा वर्षं फ्रीजवर होती. तिच्यावर मी केळी ठेवायचे.

गेल्या वर्षी काकांचा फोन आला. "अगं, पंचाईत झालीय. अर्लीनताईंच्या घशाचं ऑपरेशन ठरलंय. आवाज राहील असं डॉक्टर सांगत नाहीत. लोक आपलं गाणं घरी कसं ऐकतात, ते त्यांना एकदा बघायचंय. उद्या तुझ्याकडे आणतो."

"माझ्याकडेच का, काका?"

"बाकी सगळ्यांना विचारून झालं गं."

धावत जाऊन प्लेअर आणला. लेक रेकॉर्डकडे बघून म्हणाली, "मॉम, इज दॅट अ प्लेट?"

दुसऱ्या दिवशी दोघं आली. मी सुई टेकवली. ते गाणं मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होते. आईशप्पथ सांगते, काय आवाज! अंगावर सर्रकन काटा आला. मला माझीच इतकी लाज वाटली की मान वर करवेना. अर्लीनताई डोळे मिटून स्वतःलाच ऐकत होत्या. काका सोफ्याच्या कडेला, परीक्षेला बसल्यासारखे.

गाणं संपल्यावर अर्लीनताईंनी इंग्रजीत विचारलं, "तुम्ही हे कधी ऐकता?"

"दर रविवारी," मी ठोकून दिलं. "पोहे खाताना."

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. काका एकदम उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

ऑपरेशननंतर आवाज गेला तो गेलाच. पण आता दर रविवारी, चर्चहून आल्यावर, एक वाजता अर्लीनताईंचा फोन येतो. बोलता तर येत नाही. मी गाणं लावते आणि फोन प्लेअरपाशी धरते. संपलं की पलीकडून टेबलावर दोनदा टकटक होते. मग आम्ही पोहे खातो.