निळा डबा

बोटीच्या डिझेलचा वास नाकात शिरला की मला सिंगापूरजवळच्या उबिन बेटावरचा तो रविवार आठवतो. बाबा गेल्यावर आईला मी पुण्याहून सिंगापूरला आणलं होतं, पण तिचं रोज एकच, "माझं परतीचं तिकीट काढ." बेटावरच्या गावात भटकताना एका मलय आजींनी आम्हाला ओसरीवर बसवलं आणि निघताना घरच्या फणसाचे गरे डब्यात भरून दिले. परतीच्या बोटीत आई तो निळा डबा मांडीवर धरून बसली होती. सिंगापूरच्या बाजूचा चांगीचा धक्का दिसू लागला तशी म्हणाली, "डबा रिकामा कसा परत करायचा गं? इथे बेसन कुठे मिळतं?" तिकिटाचा विषय पुन्हा निघालाच नाही. तेव्हापासून तो डबा आजींकडे ये-जा करतोय; आजही तो करंज्या भरून आईच्या मांडीवर आहे, आणि बोट सुटायची तिलाच जास्त घाई आहे.